फुटलेलं नाव

वरवंट्याला टोपडं घालून झालं होतं, तो पाळण्याच्या खालून-वरून फिरवून झाला होता, आणि पवारांच्या सोप्यात दाटीवाटीने बसलेल्या तीस-चाळीस बायका आता फक्त नावाची वाट बघत होत्या. मायणीहून आलेली बाळाची आत्या पाळण्यावर वाकली. तिने बाळाच्या कानाशी तोंड नेऊन 'कुर्रर' केलं आणि मागच्या बायकांनी रिवाजाप्रमाणे तिच्या पाठीत धपाधप बुक्के घातले. मीही एक घातला. शेजारधर्म म्हणून जरा जोरातच घातला.

आत्याबाई पाठ चोळत सरळ झाल्या आणि मोठ्याने म्हणाल्या, "वैखरी."

माझ्या पदरातल्या घुगऱ्या जमिनीवर सांडल्या.

"काय नाव म्हणायचं?" मागून कुणीतरी विचारलं.

"वैखरी," बाळाची आजी, म्हणजे आमच्या शेजारच्या कौसाकाकू, मान ताठ करून म्हणाल्या. "पुस्तकातलं नाव हाय. अख्ख्या तालुक्यात दुसरं सापडायचं न्हाई."

ते मला माहीत होतं. अख्ख्या तालुक्यात सापडायचं नाही याची खात्री मी स्वतः करून घेतली होती, कारण ते नाव माझं होतं. माझं म्हणजे माझ्या भाचीचं. तिचं बारसं दुसऱ्या दिवशी अकरा वाजता, भिंतीपलीकडच्या आमच्या घरात व्हायचं होतं आणि तिची एकुलती एक आत्या मी होते. आता माझ्याकडे मान होता, पाळणा होता, बोलावणी गेलेली होती. नाव तेवढं नव्हतं.

हे एकोणीसशे अठ्ठ्याऐंशी सालचं, विट्याजवळच्या करंजवाडीतलं. करंजवाडी माझं माहेर आणि माझी शाळाही तिथेच. मी विट्याला सासरी राहायची आणि रोज एसटीने येऊन तिसरी-चौथीला शिकवायची. बारशासाठी म्हणून चार दिवसांची रजा काढून माहेरी राहायला आले होते.

नावाचं वेड मला का लागलं तेही सांगायला हवं. माझं माहेरचं नाव मंगल साळुंखे. मी डी.एड.ला होते तेव्हा आमच्या तुकडीत तीन मंगल साळुंखे होत्या. निकाल लागला तेव्हा त्यातली एक नापास झाली आणि तार आमच्या घरी आली. आमच्या दादांनी, म्हणजे वडिलांनी, दोन दिवस तोंडात घास घेतला नाही. तिसऱ्या दिवशी कळलं की आपली मंगल पहिल्या वर्गात पास आहे. तेव्हा दादा जेवले, पण मी तेव्हापासून नावाच्या बाबतीत कानाला खडा लावला. पुढे नोकरी लागली तर चौथीच्या वर्गात पाच संगीता. 'संगीता' म्हटलं की पाच माना वर व्हायच्या आणि उत्तर एकीलाही यायचं नाही.

शिवाय आमच्या गावात नवं नाव टिकत नसे. मी एकदा एका मुलीसाठी 'अस्मिता' सुचवलं. तीन वर्षांत गावात सात अस्मिता झाल्या आणि एक म्हैस.

मला स्वतःला दोन मुलगे. त्यामुळे मुलीचं नाव ठेवायची संधी मिळणार ती भावाच्या घरीच. माझा धाकटा भाऊ तानाजी कोइमतूरला गलाईच्या धंद्यात होता. सोनारांकडचं जुनं सोनं वितळवून शुद्ध करून द्यायचं, हे काम करत आमच्या भागातली माणसं देशभर पांगली आहेत, त्यातलाच तो एक. लग्नाला सात वर्षं झाल्यावर त्याला मुलगी झाली. बायको, शालन, बाळंतपणासाठी आमच्याकडे आली होती. तिला माहेर असं नव्हतंच. आईवडील लहानपणी गेलेले, मामाने लग्न लावून दिलं आणि हात झटकले.

तर मी नाव काढलं होतं 'वैखरी', आणि ते बोर्डाच्या पेपरासारखं सांभाळलं होतं. चिठ्ठी शाळेच्या कपाटात, नकाशांच्या मागे, कुलपात. तानाजीला कळवलं तेही कार्डावर नाही, आंतरदेशीय पत्रावर, कारण आमचा पोस्टमन कार्डं वाचून दाखवत दाखवतच वाटायचा. पवारांची माहेरी आलेली लेक नंदा आमच्या शालनच्या चार दिवस आधी बाळंत झाली होती आणि तिचं बारसं आमच्या आदल्या दिवशी ठरलं होतं, म्हणून तर मी जास्तच जपत होते. नाव चौघांनाच ठाऊक होतं. मी, आई, तानाजी आणि शालन.

आणि तरीही पेपर फुटला होता.

घरी आल्या आल्या मी चौकशीला बसले. पहिली आई. ती चुलीपुढे उद्याच्या बुंदीची परात झाकत होती.

"आई, नाव तू कुणाजवळ बोललीस?"

"कंचं नाव?"

"अगं, बाळाचं. वैखरी."

"वकिरी?"

"वैखरी."

"तेच की. वाकेरी."

आईला मी निर्दोष सोडली.

दुसरा तानाजी. तो त्याच सकाळी कोइमतूरहून येऊन पोचला होता आणि दोन दिवसांची झोप माजघरात काढत होता. त्याला हलवून उठवलं.

"तान्या, मी पत्रातून नाव कळवलं होतं ते कुणाला सांगितलंस?"

"त्यात नाव हुतं?" तो डोळे चोळत म्हणाला. "मला वाटलं, तू कायतरी शुद्धलेखनाचं लिवलंयस."

असला माणूस काय फोडणार? तोही सुटला. उरली शालन, आणि तिच्यावर संशय घ्यावा असं माझ्या मनातही आलं नाही. सात वर्षांत मी तिच्या तोंडून एकच वाक्य ऐकलं होतं. चहा टाकतेस का, बरंय वन्सं. हे लुगडं घे, बरंय वन्सं. मुलीचं नाव वैखरी ठेवते, बरंय वन्सं. जिच्या तोंडून घरातल्या घरात शब्द निघत नाही, ती भिंतीपलीकडे काय सांगणार?

उलट मलाच तिची कणव आली. मी बाळंतिणीच्या खोलीत गेले आणि तिच्या पाठीवरून हात फिरवला.

"शालन, नाव गेलं आपलं. पवारांनी उचललं. तू मनाला लावून घेऊ नकोस."

"न्हाई लावत," ती म्हणाली. पोरीच्या अंगावरचं दुपटं तिने उगीच नीट केलं. मला वाटलं, बिचारी दुःख पोटात ठेवते आहे.

"काही काळजी करू नकोस. माझ्याकडे वही आहे."

शालनने मान वर केली. "वही?"

होती. शंभर पानी वहीत मी गेली सोळा वर्षं नावं उतरवून ठेवत आले होते. जे हजेरीपटात आढळलं ते खोडायचं, उरेल ते ठेवायचं. खोडून खोडून एकशे बारा नावं शिल्लक होती. दिवेलागणीच्या वेळी मी शालनच्या खाटेशेजारी पाट टाकून बसले आणि वाचायला लागले.

"तितिक्षा."

"बरंय, वन्सं."

"अपाला."

"बरंय."

"ऋजुता. म्हणजे सरळपणा."

"बरंय."

"अगं, पण आवडलं कोणतं?"

"सगळीच बरी हैत."

साठ नावं झाल्यावर माझा घसा बसला. पोरगी मात्र प्रत्येक नावाला झोपेत तोंड वाकडं करत होती, त्यामुळे निदान घरातल्या एकीला तरी मत आहे असं मला वाटलं. शेवटी 'अपाला' नक्की केलं, वही मिटली आणि ठरवलं की आता हे नाव पाळण्यावर वाकेपर्यंत माझ्या दातांच्या बाहेर पडणार नाही.

पण मास्तरीण बाईच्या मनातून फुटलेला पेपर जाईना. सकाळी पाणी तापेपर्यंत मी पवारांच्या परसदारी गेले. नंदा तुळशीपाशी बाळाची दुपटी वाळत घालत होती. ही नंदा माझीच विद्यार्थिनी, चौथीला माझ्याकडे होती. मला बघितल्यावर तिने दुपटं खाली ठेवलं आणि दोन्ही हात मागे बांधले. लग्न झालं, लेकरू झालं, तरी सवय गेली नव्हती.

"नंदा, खरं सांगायचं."

"व्हय, बाई."

"वैखरी हे नाव तुला कुणी सांगितलं?"

ती पायाच्या अंगठ्याने माती उकरायला लागली. चौथीत पाढे यायचे नाहीत तेव्हाही असंच करायची.

"बाई, चोरलं न्हाई म्या. आईची शपत. शालनवैनीनं सवता दिलं."

"कुणी?"

"शालनवैनीनं. ह्या भिंतीवरनं. म्हणली, घे, आमच्यात नकोच हाय. उद्या तुझं हुतंय ते बरंच झालं म्हणली."

मी तिथेच तुळशीच्या कट्ट्यावर टेकले. हात सोडावेत की नाही हे नंदाला कळेना, म्हणून तीही तशीच उभी राहिली. मला राग आला होता, पण त्याहून जास्त मी चकित झाले होते. जिला मी सात वर्षं मुकी समजत होते, तिने माझ्या नाकाखालून माझा पेपर फोडला होता, तोही असा बेमालूम की मीच तिचं सांत्वन करून आले होते.

घरी आले तेव्हा शालनची अंघोळ झाली होती. शेगडीवर ओवा टाकून ती केसांना धुरी घेत होती आणि पोरगी तिच्या मांडीवर होती. मी दार लोटून घेतलं.

"नाव तू फोडलंस?"

तिने धुरातून वर बघितलं. नाही म्हणाली असती तर मी नंदाला खोटं ठरवलं असतं, इतकी मला अजूनही तिची खात्री होती.

"व्हय, वन्सं."

"अगं, का?"

"तुम्हाला राग यील."

"तो आलेलाच आहे. आता सांगून टाक."

तिने शेगडी पायाने बाजूला सारली आणि केस मागे टाकले. मग ती बोलायला लागली आणि मला पहिल्यांदाच कळलं की तिचा आवाज चांगला ठणठणीत आहे.

"मी आठ दिस म्हणून बघितलं. हिला मांडीवर घेतलं की वैखरी म्हणायची. जिभेला जड जातंय असं न्हाई. पण हाक मारल्यागत वाटंना, हजेरी घेतल्यागत वाटायचं."

"मग तसं मला सांगायचं."

"कसं सांगायचं? मान तुमचा. आत्यानं ठिवलेलं नाव आईनं नको म्हणायचं, असं कुठं असतंय? तुम्ही किती हौसेनं काढलेलं. म्हटलं, दुसऱ्यांनी घेतलं की आपसूक जाईल. तुमचं मन मोडायला नको, मला बोलायला नको." तिने कपाळाला हात लावला. "मला काय ठावं, तुमच्याकडं वही हाय? एक नाव घालवलं तर तुम्ही शंभर काढलीत."

मला हसू आलं, आणि हसू आल्याचा आणखी राग आला.

"अकराला बायका येतील, शालन. आता तुला माझं कुठलंच नाव नको असेल तर मी पाळण्यात काय सांगू त्यांना? बरंय?"

तेवढ्यात तानाजी दाढीचा आरसा शोधत आत आला. आम्हा दोघींची तोंडं बघून त्याला काय वाटलं कुणास ठाऊक, आरसा राहिला बाजूला आणि तो शालनला म्हणाला, "सांगून टाकलंस का सेल्वीचं?"

"कोण सेल्वी?" मी विचारलं.

"कोइमतूरला आमच्या समोर ऱ्हाती. फुलं इकती."

"तिचं इथे काय?"

तानाजीने शालनकडे बघितलं आणि शालनने जमिनीकडे. मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला.

"फुलवालीचं नाव? माझ्या भाचीला?"

हे मी म्हणाले. आज लिहितानाही लाज वाटते, पण म्हणाले ते म्हणाले. वर आणखी विचारलं, "निदान नाव तरी वेगळं आहे का तिकडे? दुर्मिळ वगैरे?"

"छ्या," तानाजी म्हणाला. "आमच्या गल्लीतच पाच सेल्वी हैत. हाक मारली की पाच दारं उघडत्यात."

सोळा वर्षं मी संगीतांपासून पळत होते, ती अशी कोइमतूरच्या गल्लीत जाऊन पोचले होते. मी कमरेवर हात ठेवून काहीतरी तोडून बोलणारच होते, पण शालन आधी बोलली. ती माझ्याशी बोलत होती, बघत मात्र पोरीकडे होती.

"पहिल्या खेपेला सातव्या म्हैन्यात गेलं, तवा हे दुकानाच्या कामाला मदुरैला हुते. मी दवाखान्यातनं घरी आले तर घरात कोण न्हाई. भाषा येत न्हाई. दार लावून बसले. ही सेल्वी समोरनं आली आणि दार वाजवत बसली. मी उघडीना, तर ती बाहेर पायरीवर बसून फुलं ओवाय लागली. तिथनंच बोलत ऱ्हायली, तिच्या भाषेत. दुपारी मी दार उघडलं."

तिने पोरीच्या कपाळावरचे केस बाजूला केले.

"अकरा दिस ती माझ्यापाशी झोपली. भात कालवून घास भरवायची. ती तमिळ बोलायची, मी मराठी. काय बी कळायचं न्हाई एकमेकीचं. पण मी रडले की तिला कळायचं. फुलांचा धंदा बुडवला तिनं अकरा दिस."

तानाजी दारातल्या दारात उभा होता, त्याने तोंड फिरवलं.

मला आठवलं, तेव्हा मीही काहीतरी केलं होतं. पत्र पाठवलं होतं. 'धीर धर, खचून जाऊ नकोस, प्रकृतीची काळजी घे.' निबंधात घालावीत तशी तीन वाक्यं, सुंदर अक्षरात. शाळेला परीक्षेची घाई होती म्हणून गेले नव्हते. आई गेली नव्हती. कुणीच गेलं नव्हतं. मला तिच्यासमोर उभं राहवेना, म्हणून मी खाटेच्या कडेवर बसले.

"वन्सं," शालन म्हणाली, "एक विचारू? रागावू नका. तुमच्या पोरांची नावं तुमच्या मनातली हैत का?"

माझ्या मुलांची नावं दिलीप आणि प्रदीप. दोन्ही माझ्या नणंदेने ठेवलेली. दोन्ही वेळा मी पाळण्याशेजारी नवं लुगडं नेसून उभी होते, हसत होते, आणि माझ्या मनात वेगळीच नावं होती. पहिल्या वेळी तर मला वाटलं होतं की वाकायच्या आधी ती एकदा तरी माझ्याकडे बघेल. तिने बघितलं नाही. ती नावं मी आमच्या ह्यांनाही कधी सांगितली नाहीत. तेरा वर्षं झाली होती त्याला.

"नाही," मी म्हणाले. "माझ्या मनातली नाहीत."

"मग?"

मग काय? मी उठले, अंगावरचं लुगडं झटकलं आणि बाईंच्या आवाजात म्हणाले, "हे बघ. पाळण्यात सेल्वीच सांगते. पण बायका कुरकुर करतील, त्यांना तोंड मी देईन. नाव मी ठेवलंय, मला सुचलं, बस्स. तू मध्ये एक अक्षर काढायचं नाहीस. तुला बोलायला त्या कमी करायच्या नाहीत. मला बोलायला मात्र जरा विचार करतील, निम्म्यांची पोरं माझ्या वर्गात आहेत."

"बरंय, वन्सं," शालन म्हणाली. पण यावेळी ती हसत होती.

अकराला आमचा सोपा भरला. कालच्याच बायका, कालचीच लुगडी, घुगऱ्या मात्र आमच्या. कौसाकाकू सगळ्यात पुढे मांडी ठोकून बसल्या होत्या. काल त्यांनी तालुक्यात नसलेलं नाव ठेवलं होतं, आज मास्तरीण बाई त्याच्यावर काय काढते ते त्यांना बघायचं होतं. नंदा एका कोपऱ्यात लेकीला घेऊन बसली होती आणि माझी नजर चुकवत होती. शालनला पाळण्याशेजारी पाटावर बसवलं होतं, हिरव्या लुगड्यात, डोक्यावरून पदर. वरवंटा फिरला. पाळण्याची दोरी माझ्या हातात आली.

मी वाकले. पोरगी जागी होती. तिच्या अंगाला ओव्याचा वास येत होता. मी तिच्या कानात कुर्रर केलं आणि नाव सांगितलं. एरवी पन्नास मुलांना ऐकू जाईल असा माझा आवाज, पण तेव्हा तो मलाच नीट ऐकू आला नाही. पाठीत बुक्के बसायला लागले. कौसाकाकूंनी कालचा हिशेब चुकता केला.

मी सरळ झाले आणि म्हणाले, "सेल्वी."

आईने माझ्याकडे बघितलं. तिला काल ऐकलेलं नाव हे नव्हे एवढं कळलं होतं.

"काय म्हणाली?" कुणीतरी विचारलं.

"सेलवी," दुसरीने सांगितलं.

"ह्ये कसलं नाव?" कौसाकाकूंनी भुवया उंचावल्या. "देवीचं हाय?"

"कोइमतूरकडचं आहे, काकू," मी म्हणाले. "तिकडे लाडाच्या लेकीला म्हणतात."

"मग आपल्याकडची नावं संपली व्हय? त्या लोकांचं नाव आपल्या पोरीला?" त्या आजूबाजूला बघत म्हणाल्या, आणि दोन-चार माना हलल्या. "उद्या लग्नाच्या वक्ताला पावणं विचारतील, पोरगी कुठली. आणि ह्ये काढलं कुणी?"

याच प्रश्नासाठी मी उत्तर घोटून ठेवलं होतं. मी तोंड उघडलं.

"मी ठिवलं, काकू."

शालन बोलली होती. पाटावर बसल्या बसल्या, डोक्यावरचा पदर न सावरता, कौसाकाकूंच्या डोळ्याला डोळा भिडवून. माझं तोंड उघडं ते उघडंच राहिलं. सोप्यातल्या बहुतेक बायकांनी तिचा आवाज त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला असेल.

कौसाकाकूंना क्षणभर कुणावर चढावं ते कळेना. मग त्यांनी सूर लावला. "तू? आत्या हितं उभी असताना आईनं नाव ठिवायचं? ही कुठली रीत? मंगलचा मान न्हाई का काय?"

हेच मला टाळायचं होतं. मी पुढे व्हायला निघाले, पण शालनने पाळण्याच्या दोरीवर, माझ्या हाताशेजारी, आपला हात ठेवला.

"मान हाय की," ती म्हणाली. "वन्संनीच इचारलं मला. म्हणाल्या, पोरगी तुझी हाय, शालन, तुझ्या मनात काय हाय ते सांग. तसं कोण इचारतंय, काकू? तुमच्यात कुणी इचारलं हुतं?"

कोपऱ्यात नंदाने खाली मान घातली आणि ती हसत होती की काय ते मला दिसलं नाही. मागच्या एका म्हाताऱ्या बाईने नुसताच लांब श्वास सोडला. सोप्यातल्या बायका एकेक करून माझ्याकडे बघायला लागल्या, आणि त्या नजरेत असं काही होतं जे सोळा वर्षं शिकवूनही माझ्या वाट्याला आलं नव्हतं.

"व्हय गं मंगल?" कौसाकाकूंनी अगदी हळू आवाजात विचारलं. "तू इचारलंस तिला?"

मी विचारलं नव्हतं. सात वर्षांत एकदाही नाही, आदल्या दिवशी विचारलं तेही माझ्याच साठ नावांतलं कोणतं एवढंच, आणि त्या सकाळी सगळं ऐकून घेतल्यावरही नाही. मी नाव सांगते म्हणाले होते, तोंड देते म्हणाले होते, तिला गप्प बस म्हणाले होते. विचारायचं तेवढं मला सुचलं नव्हतं. शालनने माझ्याकडे बघितलं. तिला ते माझ्याइतकंच ठाऊक होतं.

"हो," मी म्हणाले. "विचारलं."

मग मी पाळण्यावर वाकून सेल्वीचं टोपडं सारखं केलं. ते सारखंच होतं.